दुसरा रकाना

यादी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी यायची. त्याआधी लंगरच्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराच्या, शेडमध्ये चहाचे मग हातात धरून उभे असलेले जवान उगाचच हवामानावर बोलत राहायचे. भिंतीवरचा पडदा उजळला की बोलणं थांबायचं आणि जो तो स्वतःचं नाव शोधायचा. हवालदार रंगराव इंगवले आधी महिपत चाळकेचं नाव शोधायचा.

त्या मंगळवारी ते चौथ्या गटात होतं, लान्स नाईक केंगारच्या शेजारी. इंगवले सातव्या गटात होता. असा हा सलग अकरावा दिवस. त्याने उरलेला चहा बर्फात ओतला आणि मग विसळायला वाकला. कोणी तोंड पाहू नये म्हणून तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

इंगवले माण तालुक्याचा, चाळके जावळीचा. तेरा वर्षांपूर्वी दोघे एकाच सकाळी भरती झाले. भरती केंद्रात त्यांच्या खाटा शेजारी लागल्या आणि तिथेच त्यांची ‘बडी’ म्हणून जोडी लावली गेली. फौजेत बडी म्हणजे नुसता दोस्त नव्हे. एक झोपला की दुसऱ्याने जागायचं. उंचीवर गेल्यावर रोज एकमेकांच्या पायांची बोटं तपासायची, काळी पडत नाहीत ना ते पाहायला. निघण्याआधी एकमेकांचे पट्टे आवळायचे. त्यांच्या बराकीत आणखी एक रीत होती. घरून आलेलं पार्सल ज्याचं त्याने फोडायचं नाही, त्याच्या बडीने फोडायचं आणि पहिला घासही त्यानेच घ्यायचा. चाळकेची बायको पार्सलात शेंगदाण्याची चटणी आणि लवंगांची पुडी हटकून धाडायची. तेरा वर्षं ते पार्सल इंगवलेने फोडलं होतं.

इंगवले पुढे हवालदार झाला, सेक्शन कमांडर झाला. चाळके नाईकच राहिला. त्याला बढतीची घाई नव्हती आणि बोलायचीही. कुठल्याही कामगिरीवर इंगवले पुढे, चाळके त्याच्या मागे. निघायच्या क्षणी चाळके दोन बोटं इंगवलेच्या डाव्या खांद्यावर टेकवायचा. म्हणजे मी तयार आहे, चल. हवालदाराला हाताखालच्या माणसाने दिलेली ती वर्दी होती आणि इंगवले ती तशीच घ्यायचा.

मग पलटण अरुणाचलच्या पूर्वेला चौदा हजार फुटांवर आली आणि तिच्यामागून जुळणी आली.

सेक्शन दहा जणांचं का, याचं उत्तर फौजेत पिढ्यान्‌पिढ्या एकच दिलं जायचं. गोळीबार चालू असताना एका माणसाची हाक तेवढ्याच जणांपर्यंत पोचते. तीन सेक्शनांची प्लाटून, तीन प्लाटूनींची कंपनी, अशी सगळी रचना त्या हाकेवर उभी होती. पण आता डोक्यावर दिवसरात्र ड्रोन होते. दहा माणसं एका ओळीत चालताना दिसली की पाच मिनिटांत त्यांच्यावर काहीतरी येऊन पडे. रेडिओवर बोललं की जागा कळे, आणि बोलायचं म्हटलं तरी शत्रू लहरी बुजवून टाके. त्यामुळे युद्धात उपयोगाचे उरले ते चार-चार जणांचे गट, न बोलता चालणारे, सोबत सहा छोटे ड्रोन आणि ओझं वाहायला एक यांत्रिक खेचर. सेक्शन कागदावर राहिलं, रजा, राशन आणि शिक्षा यांच्यापुरतं.

प्रश्न एवढाच होता की हुकूम नसताना चार माणसांनी एका माणसासारखं वागावं कसं. त्याचं उत्तर प्रत्येकाच्या मनगटावर बांधलेल्या पट्ट्यात होतं. पट्टा नाडी मोजे, दोन ठोक्यांमधलं अंतर मोजे, श्वास, घाम आणि पावलांची लय टिपे. दोन माणसं एकमेकांच्या सवयीची असली की एकाच्या शरीरातला बदल काही सेकंदांनी दुसऱ्याच्या शरीरात उमटतो. एकाचा श्वास संथ झाला की दुसऱ्याचाही होतो. एकाची नाडी उडाली की दुसऱ्याचीही उडते. पलटणीतल्या सातशे जणांमध्ये हे कोणाकडून कोणाकडे जातं, किती वेगाने आणि किती वेळा, हे यंत्र अखंड पाहत राही आणि त्याला शून्य ते शंभर असा आकडा देई. त्या आकड्याला ‘ओढ’ म्हणत: ज्याचं शरीर मागून बदलतं त्याची ओढ, ज्याचं आधी बदलतं त्याच्याकडे. त्यावरून रोज नवे गट पडत. गटात कोणी पुढे चालायचं, कोणी मागे, हेही ठरे. पट्टा दोनदा थरथरला की त्याने पहिलं पाऊल टाकायचं. ओढ दोन्ही बाजूंना सारखी असेलच असं नाही, हे जुळणीच्या अधिकारी मेजर केतकी सबनीस यांनी पहिल्याच व्याख्यानात सांगितलं होतं. पण ते व्याख्यान जेवणानंतर होतं.

यंत्र इंगवलेला नेहमी तिसऱ्या जागी ठेवायचं. हवालदाराचा मान म्हणून ठेवत असतील, असं तो समजायचा.

केंगार चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीतून आला होता. जत भागातला, तिशीच्या आतला, ड्रोन उडवणारा, आणि बोलण्यात चाळकेहूनही कंजूष. लंगरमध्ये दोघे उकडलेले बटाटे सोलत बसत आणि अर्ध्या तासात एक शब्द बोलत नसत. इंगवले जाऊन बसला की मात्र बोलणं सुरू व्हायचं, कारण ते तोच सुरू करायचा. गावचा विषय काढायचा, भरती केंद्रातल्या गमती सांगायचा, ज्यांत केंगार नव्हता अशाच नेमक्या. चाळके हसायचा. केंगारही हसायचा, आणि ते इंगवलेला अधिक लागायचं.

बुधवारी पार्सल आलं. इंगवले टेहळणीवरून परतला तेव्हा ते चाळकेच्या खाटेवर होतं, दोरा कापलेला, चटणीची पिशवी उघडी. बुखारीच्या शेगडीपाशी केंगार लवंग चघळत बसला होता.

“तू वर होतास,” चाळके म्हणाला. “वास सुटला होता, म्हणून म्हटलं फोड.”

“बरं केलंस.”

“खा की.”

“मागनं खातो.”

“मागनं उरायची न्हाई.”

इंगवले हसला आणि बूट काढायला बसला. त्याने दोन्ही बूट काढले, पुन्हा घातले आणि बाहेर पडला.

सेक्शन कमांडरांना आपल्या दहा जणांचे आकडे पाहायची मुभा होती. इंगवलेने ती आजवर वापरली नव्हती. माणसं ओळखायला आपल्याला यंत्र लागत नाही, असं तो चारचौघांत म्हणायचा. त्या दुपारी तो कंपनी ऑफिसच्या कंटेनरमध्ये गेला, टॅबलेट मागितला आणि चाळकेचं नाव दाबलं. लांबलचक तक्ता उघडला. पहिल्याच रकान्यात शीर्षक होतं, चाळकेची ओढ कोणाकडे. सगळ्यात वर केंगार, चौऱ्याहत्तर. खाली उतरत उतरत बाराव्या ओळीत त्याचं स्वतःचं नाव होतं. इंगवले, एकतीस.

लंगरच्या कुकचेही त्याच्याहून दोन जास्त होते.

त्याने टॅबलेट परत केला. तेरा वर्षांत त्याने चाळकेच्या आईला खांदा दिला होता. चाळकेच्या मुलीचं नाव त्याने सुचवलं होतं. सियाचिनला चाळकेचे पाय स्वतःच्या पोटाशी धरून तो रात्रभर बसला होता. आणि चार महिन्यांचा एक मुका माणूस चौऱ्याहत्तर.

पट्टे आठवड्यातून दोनदाच निघत, शुक्रवारी चार्जिंगला आणि शनिवारी आंघोळीला. शनिवारी दुपारी दोन वाजता पत्र्याच्या न्हाणीबाहेर ड्रमात पाणी उकळत असे आणि भिंतीवरच्या खुंट्यांना पंधरा-वीस सारखेच काळे पट्टे लटकत. नंबर आतल्या बाजूला, तांदळाएवढ्या अक्षरांत. हृदयाच्या लयीवरून पट्ट्याचा मालक ओळखायची सोय यंत्रात मुळात होती. पण विरळ हवेत सगळ्यांच्याच लयी बदलतात, खोटे इशारे फार येऊ लागले, म्हणून बारा हजार फुटांच्या वर ती बंद ठेवली होती. इंगवलेला ते ठाऊक होतं. केंगार डोक्याला साबण लावत असताना त्याने आपला पट्टा केंगारच्या खुंटीवर टांगला आणि केंगारचा उचलला.

बडीचा पट्टा बडीने बांधायचा, ही रीत अजून चालू होती. चाळके ओल्या केसांनी बाहेर आला. इंगवलेने हात पुढे केला, नंबरावर अंगठा ठेवूनच. चाळकेने पट्टा ओढला, एका भोकावर अडकवला, मग काढून पुढच्या भोकावर अडकवला. एकदा वर पाहिलं. मग इंगवलेची बाही खाली ओढली आणि बटण लावलं.

“घट्ट हाय का?”

“ठीक हाय.”

केंगारचा पट्टा चाळकेने बांधला नाही. तो केंगारच्या बडीने, शिपाई गुरवने, गप्पांच्या नादात बांधला.

तीन दिवसांनी इंगवलेने पुन्हा टॅबलेट मागितला. चाळकेची ओढ, इंगवलेकडे, चौऱ्याहत्तर. केंगार, एकतीस. दुसऱ्याची पदकं छातीला लावून आरशात पाहावं तसं त्याला झालं. लाज वाटली, पण तो पाहत राहिला. आणि मग ध्यानात आलं की पट्टा कुणाचाही असो, त्याचं स्वतःचं शरीर जिथे जाईल तिथे एकतीसच मिळवणार आहे.

पण शुक्रवारच्या यादीत तिसरा गट असा होता: इंगवले, चाळके, गुरव, साळोखे. पहिल्या जागेवर इंगवले. सगळ्या शेडसमोर त्याने चाळकेच्या पाठीत थाप मारली. चाळकेने मान हलवली.

काम अवघड नव्हतं. तिसऱ्या डोंगरधारेवरच्या चौकीत टेहळणीच्या यंत्राच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या. जाऊन येऊन पाच तास, रेडिओ बंद. शुक्रवारच्या रीतीप्रमाणे निघण्याआधी सगळे पट्टे दोन तास चार्जिंगला जात आणि नंबर पाहून परत मिळत, त्यामुळे ज्याचा त्याला आपोआप मिळाला. इंगवलेला हलकं वाटलं. चोरी आपणहून जागच्या जागी परत गेली होती. यंत्राने आठवडाभरात जे शिकून ठेवलं होतं ते मात्र जागच्या जागी गेलं नव्हतं.

साडेदहाला ते ओढ्याच्या काठाशी पोचले. ओढा कोरडा, चाळीस पावलं रुंद आणि वरून पूर्ण उघडा. मध्यावर कमरेएवढा एकच धोंडा. शत्रूचा ड्रोन दर दीड मिनिटाला कड्याच्या टोकावरून वळायचा. दोन माणसांत दहा पावलांचं अंतर ठेवायचा नियम होता. ड्रोन गेला आणि इंगवलेचा पट्टा दोनदा थरथरला. चाळके मागून सरकला, त्याने दोन बोटं खांद्यावर टेकवली आणि इंगवले पळाला.

धोंड्यापर्यंत तो नीट गेला. तिथे वाकून त्याने श्वास घेतला. पट्टा पुन्हा दोनदा थरथरला. उठायला हवं हे त्याला कळत होतं. पलीकडचा काठ दिसत होता, त्यावरचं वाळकं गवतही दिसत होतं. पाय उचलेना. पट्टा थरथरत राहिला. यंत्राची समजूत अशी होती की हा माणूस खंबीर आहे आणि मागचा त्याच्या जोरावर चालतो. मागच्याची नाडी जसजशी वाढत होती तसतसं ते पुढच्याला अधिक निकराने ढकलत होतं. इंगवले खांद्यावरच्या दोन बोटांची वाट पाहत होता. ती दहा पावलांहून लांब होती.

साठ सेकंद गेले असतील. मग बर्फावर बुटांचा आवाज आला. चाळके इशारा नसताना आडोसा सोडून धावत येत होता. त्याने येऊन दोन बोटं टेकवली.

“चल,” तो म्हणाला.

इंगवले उठला आणि पलीकडे पोचला. वळून पाहिलं तेव्हा चाळके धोंड्यापासून दोन पावलांवर होता आणि ड्रोन परत आला होता. स्फोट लहानसाच झाला, ताट पडावं एवढ्या आवाजाचा. चाळके बसल्यासारखा खाली गेला. त्याला खेचरावर घालून खाली आणायला तीन तास लागले. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

चौथ्या दिवशी मेजर सबनीस यांनी इंगवलेला बोलावलं. त्या शांत, नेमकं बोलणाऱ्या होत्या आणि दोन रात्री झोपलेल्या दिसत नव्हत्या. समोर अहवालाचा मसुदा होता. नाईक चाळके यांनी इशाऱ्याविना जागा सोडली, स्वतःला व गटाला धोक्यात घातलं, जखम शिस्तभंगातून झाली, असं त्यात होतं. हे कागद चाळकेच्या नावाला जन्मभर चिकटतील हे दोघांनाही माहीत होतं.

यंत्राप्रमाणे चाळके तुमच्या मागे स्वस्थ राहायला हवा होता, त्या म्हणाल्या. घडलं उलटंच. एक तर यंत्र चुकलं किंवा चाळके चुकला, आणि यंत्र चुकल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. तुम्हाला यात काही घालायचं आहे का?

पुढच्या महिन्यात इंगवले नायब सुभेदार व्हायचा होता. तारे शिवून तयार होते, पेटीत, गंजिफ्रॉकांच्या खाली.

“आठवडाभर माझ्या हातावर माझा पट्टा नव्हता, मॅडम,” तो म्हणाला.

मग त्याने शनिवार सांगितला, खुंट्या सांगितल्या, अंगठा सांगितला. कशासाठी, एवढंच त्यांनी शेवटी विचारलं. त्याने एकतीसचा आकडा सांगितला. लंगरच्या कुकचंही सांगितलं.

त्यांनी टॅबलेट त्याच्यापुढे ठेवला आणि तक्ता बोटाने बाजूला सरकवला. शेजारी आणखी एक रकाना होता.

“तुम्ही पहिलाच वाचलात,” त्या म्हणाल्या. “सगळे हवालदार तेवढाच वाचतात. माझ्यामागे कोण येतं ते.”

दुसऱ्या रकान्याचं शीर्षक होतं, चाळकेकडे कोणाची ओढ. पहिलीच ओळ, इंगवले, त्र्याण्णव.

“सातशे माणसांत इतका मोठा आकडा दुसरा नाही,” मेजर म्हणाल्या. “तो शेजारी आला की तुमची नाडी चार सेकंदांत उतरते. तो लांब असला की तुम्हाला पुढे धाडायचं नाही, हे यंत्राला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.”

“मग त्याला माझ्यासोबत का नाही ठेवला?”

“त्र्याण्णव तुमच्या सोयीचे होते, हवालदार. त्यालाही कोणीतरी लागत होतं.”

त्यांनी अहवालातली ती तीन वाक्यं खोडली आणि नवा कागद घेतला. सेक्शन त्याच दुपारी त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. चौकशी बसायची होती. त्याआधी बेस हॉस्पिटलला जाऊन चाळकेला भेटायची परवानगी त्याने मागितली आणि ती मिळाली.

हॉस्पिटल खाली मैदानात होतं, ऊन होतं, हवा जाड होती. इंगवलेने वाटेत चटणी शोधली, कुठे मिळाली नाही, म्हणून संत्री घेतली. वॉर्डात शिरला तर खाटेच्या उजव्या बाजूला स्टुलावर केंगार बसलेला. मदतनीस म्हणून त्याला पाठवलं होतं. त्याच्या मांडीवर संत्र्याच्या साली होत्या.

आजही ते तसंच लागलं. इंगवलेला वाटलं होतं, आता लागणार नाही.

केंगार उठून उभा राहिला. “बसा, उस्ताद.”

“बस तू.” त्याने डाव्या बाजूचं स्टूल ओढलं. चादर त्या बाजूला जिथे सपाट व्हायला नको तिथे सपाट झाली होती. तो तिकडे न बघता बसला. मग त्याने सगळं सांगितलं, मेजरना सांगितलं होतं त्याच क्रमाने. केंगार साली गोळा करत राहिला.

“ठाव हाय मला,” चाळके म्हणाला.

“मॅडमनी सांगितलं?”

“तुझा पट्टा पाचव्या भोकावर बसतो. तेरा वर्सं काय काय बांधलंय तुझ्या हाताला. त्या दिवशी पट्ट्याची घडी चौथ्या भोकाला पडलेली. बारीक मनगटाची.” त्याने केंगारच्या हाताकडे पाहिलं. “पलटणीत असलं मनगाट एकच.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तुला आकडा हवा हुता. म्हटलं, घेऊ दे.” चाळकेने डोळे मिटले. “चुकलंच माझं. तवाच कानफटात द्याया हवी हुती.”

केंगार हसला. हसला म्हणजे नाकातून हवा सोडली. इंगवलेने त्याच्याकडे पाहिलं आणि जे विचारायला तो इतक्या लांब आला होता असं त्याला आता कळलं, ते विचारलं.

“तू करतोस काय रं याच्यासाठी?”

केंगारने खरोखर विचार केला. “काय न्हाई, उस्ताद. नुसता बसतो.”

भरती केंद्रातली एक गोष्ट इंगवलेच्या जिभेवर आली होती, ती त्याने गिळली. तिघेही गप्प बसले. खाटेच्या डोक्याशी पडदा होता आणि त्यावर हिरव्या अक्षरांत चाळकेची नाडी दिसत होती. इंगवले आला तेव्हा शहाण्णव. आता अठ्ठ्याऐंशी. खिडकीबाहेर कोणीतरी बादल्या धूत होतं. चौऱ्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. चाळकेचा श्वास लांब झाला.

एका बाजूला केंगार होता आणि एका बाजूला तो. आकडा कुणामुळे उतरतोय हे हा पडदा सांगत नव्हता. सांगायची त्याची जातच नव्हती. पण कळून घेणं सोपं होतं. उठायचं, दारापर्यंत जायचं आणि वळून पाहायचं. अठ्ठ्याहत्तरचे अठ्ठ्याहत्तर राहिले तर एक, चढले तर दुसरं.

इंगवले उठला.

“कुठं निघालास?” डोळे न उघडता चाळकेने विचारलं.

“च्या आणतो.”

“तीन आण.”

पडदा त्याच्या पाठीमागे होता. वॉर्ड लांब होता, बावीस खाटांचा, आणि दारात भलीमोठी काच होती, तिच्यात मागचं सगळं दिसत असणार. इंगवलेने नजर फरशीवर ठेवली आणि चालत बाहेर गेला.